शाळेच्या प्रोजेक्टला स्प्रिंगवर चालणारा विमानाचा लाँचर कसा करायचा, स्प्रिंग कुठली घ्यायची?

दाबायची स्प्रिंग नको, ती मधेच वाकते. ताणायची घे, लांब आणि नरम. 1 किलोचं वजन लटकवल्यावर साधारण 10 सेंमी ताणली गेली म्हणजे तिचा के (स्प्रिंग किती कडक आहे त्याचा आकडा) जवळपास 100 न्यूटन प्रति मीटर, मग 20 सेंमी ओढलीस की अर्धा के एक्स स्क्वेअरने (एक्स म्हणजे किती मीटर ओढली ते) 2 ज्यूल ऊर्जा मिळते. विमान 30 ग्रॅम आणि त्याला ढकलणारी गाडी 20 ग्रॅम धरली (गाडीचं वजन सगळे विसरतात!) तर सेकंदाला 8 मीटर वेग द्यायला 1.6 ज्यूल लागतात, उरलेलं घर्षणात जातं.

कडक स्प्रिंग आणून थोडीच ओढायची आयडिया करू नकोस, आमचं थर्माकोलचं विमान पुढे गेलं पण एक पंख गाडीवरच राहिला 😅

रुळाला पडद्याचा अ‍ॅल्युमिनियम चॅनल चालतो, ट्रिगरला आडवा खिळा आणि त्याला दोरी, आणि शेवटी गाडी अडवायला जुन्या चपलेचा रबरी तुकडा लाव. चॅनल 10 अंश वर उचल, जास्त केलंस तर विमान नाक वर करून जागच्या जागी पडतं. सोडताना समोर कोणी नको.