काजूवरचा ढेकण्या आणि पहिल्या हंगामाची फवारणी

आपण बडोद्यात राहून धरमपूरची काजूबाग सांभाळणार आहात, म्हणून आधी हेच सांगतो की फवारणीची वेळ दिनदर्शिकेवरून नव्हे, तर झाड पाहून ठरवावी. कोवळ्या पालवीवर किंवा मोहोराच्या दांड्यावर तपकिरी, पुढे काळे पडणारे चट्टे आणि त्यांतून पाझरलेला चिकट डिंक दिसला, तर तो ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचा डंख समजावा. दुर्लक्ष केल्यास शेंडे आणि मोहोर करपून जातात. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तिन्ही वेळी बाग स्वतः फिरून पाहावी व प्रादुर्भाव आढळला, तरच लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के हे औषध १० लिटर पाण्यात ६ मिली घेऊन फवारावे. लागोपाठ तेच औषध वापरू नये, कारण कीड त्याला सरावते. मोहोरात मधमाश्यांचा वावर असतो, त्यामुळे फवारणी सायंकाळी, वारा पडल्यावरच करावी, आणि फवारणाऱ्या मजुराला मास्क व हातमोजे आपणच द्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. पानांची घरटी विणणाऱ्या लाल मुंग्या ढेकण्या खातात. त्या चावतात खऱ्या, पण त्यांना मारू नये. खोडकिड्यावर मात्र ही फवारणी चालत नाही. बुंध्याशी भुसा दिसताच साल तासून अळ्या बाहेर काढाव्यात.