बॅटरी भरली की इंजिन आपोआप बंद कसं करायचं?

प्रश्न: शेतावरच्या खोलीत लाईटचा भरवसा नाही, म्हणून जुन्या पाणी पंपाच्या पेट्रोल इंजिनाला बेल्टवर कारचा अल्टरनेटर जोडलाय, १२ व्होल्टची इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करतो. बॅटरी भरली की बंद व्हावं म्हणून रिले (विजेवर चालणारा स्विच) लावला, पण इंजिन बंद पडता पडता परत पेट घेतं. काय करू?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: तुमचा रिले खराब नाहीये. व्होल्टेज वर गेलं की तो ठिणगी बंद करतो, मग इंजिनाचे फेरे उतरतात, अल्टरनेटर चार्जिंग सोडतो, व्होल्टेज १३ च्या आसपास येतं, की लगेच रिले सुटतो आणि अजून फिरत असलेलं इंजिन परत धरतं. त्यामुळे एकदा रिले लागला की इंजिन पूर्ण थांबेपर्यंत तो लागलेलाच राहिला पाहिजे.

त्यासाठी टीएल४३१ (ठराविक व्होल्टेज ओळखणारी छोटी आयसी) आणि ५५५ टायमर (ठराविक वेळ मोजणारी आयसी) घ्या, दोन्ही स्वस्त आहेत आणि कुठेही मिळतात. टीएल४३१ च्या रेफरन्स पिनवर २.५ व्होल्ट आले की तो चालू होतो. बॅटरी प्लसकडून ३९के (किलो-ओहम) चा रेझिस्टर आणि त्याला सिरीजमध्ये १०के चा प्रीसेट (स्क्रूने कमी-जास्त होणारा रेझिस्टर), खाली मायनसला १०के, एवढ्यात साधारण १२.२ ते १४.७ व्होल्टपर्यंत कुठेही सेट करता येतं. रेफरन्स पिनवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकाच, नाहीतर अल्टरनेटरच्या खळखळीनेच ट्रिप होईल. टीएल४३१ चा कॅथोड ५५५ च्या २ नंबर पिनला, तिथून प्लसला ४.७के. टायमरला १५०के आणि १०० मायक्रोफॅरड लावलं की रिले साधारण १६ सेकंद लागलेला राहतो, छोटं इंजिन तेवढ्यात थांबतं. ५५५ ला १६ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणून त्याचा सप्लाय १०० ओहम आणि १५ व्होल्टच्या झेनरमधून (व्होल्टेज त्याच्या वर जाऊ न देणारा डायोड) द्या, रिले मात्र ट्रान्झिस्टरने थेट बॅटरीवरून चालवा आणि कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा.

सेन्सिंगच्या वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवरूनच घ्या, अल्टरनेटरकडून घेतल्या तर केबलमधला ड्रॉप मिळून व्होल्टेज जास्त दिसतं आणि इंजिन लवकर बंद होतं. आणि १४.४ वर सेट करू नका, बऱ्याच कार अल्टरनेटरचा स्वतःचा रेग्युलेटर व्होल्टेज त्याच्या आधीच थांबवतो, मग तुमचं सर्किट कधी ट्रिपच होणार नाही, १४.१ ठेवा. तिथे बॅटरी काठोकाठ भरलेली नसते हे खरं, पण शेवटचा थोडा चार्ज खूप हळू जातो, त्यासाठी पेट्रोल जाळण्यापेक्षा लाईट आली की चार्जरवर भरू द्या.

एक गोष्ट नक्की सांभाळा, रिलेच्या कॉन्टॅक्टने मॅग्नेटोची (इंजिनाची ठिणगी तयार करणाऱ्या भागाची) वायर फक्त इंजिनाच्या बॉडीला टेकवायची, तिला बॅटरीचे १२ व्होल्ट लागले तर इग्निशन कॉइल जळते. चालू इंजिनावर बॅटरीची वायरही काढू नका, अल्टरनेटर असा झटका देतो की डायोड आणि हे सर्किट दोन्ही जातील.