कोपऱ्यातल्या ख्रिसमस ट्रीला लाईटच्या माळा कशा लावाव्यात?

पाच फुटी प्लॅस्टिकच्या झाडाला तीन माळा गोल गुंडाळल्या, खाली झगमगाट झाला आणि शेंड्याला पोचेस्तोवर माळा संपल्या, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे हे कित्येक वर्षं होत होतं. ठाण्यात तलावपाळीजवळ आमचं घर, हॉल लहान, त्यामुळे झाड कायम कोपऱ्यात. गोल गुंडाळली की निम्मी माळ भिंतीकडे जाते. झाडाला पहिल्यांदा विजेचे दिवे लावले ते एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी, 1882 साली न्यूयॉर्कला. लाल, पांढरे, निळे मिळून 80 दिवे, आणि ते झाड फिरतं होतं, म्हणून चारी बाजू उजळणं भाग होतं. तुमचं झाड जागचं हलणार नाही. गोल जाऊच नका.

आधी माळा जमिनीवर पसरून लावून बघा. एलईडीच्या माळेत मधलाच एखादा तुकडा विझलेला असेल तर ती बाजूला ठेवा, झाडावर चढवल्यावर दोष शोधणं फार जिकिरीचं. वडिलांच्या वेळच्या माळांत 6 व्होल्टचे अडतीसेक दिवे एकापाठोपाठ जोडलेले असत, म्हणजे घरातल्या 230 व्होल्टचा हिशेब जुळे. एक गेला की सगळी माळ बंद. बाबा एकेक दिवा काढून बघत बसायचे.

आता पिन काढा आणि झाडाच्या फांद्या नीट उलगडा. पहिल्या माळेची पिन खाली, बोर्डाच्या बाजूला ठेवा. एका वर्षी मी शेंड्यापासून सुरुवात केली आणि पिन वरच राहिली. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साची, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेची, वेळ झालेली, झाड अंधारात ठेवूनच निघावं लागलं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

तर पिन खाली, आणि माळ मधल्या दांड्याला धरून सरळ शेंड्यापर्यंत न्या. दांड्याजवळचे हे दिवे फार महत्त्वाचे. उजेड आतून आला की झाड भरलेलं दिसतं, नुसता वरवर असला की सपाट. शेंड्यावरून खाली येताना समोरच्या बाजूनेच डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे असं नागमोडी या. प्रत्येक फांदीवर माळ टोकापर्यंत न्या आणि शेजारच्या फांदीवरून पुन्हा आत आणा. प्लॅस्टिकच्या पात्यांमध्ये तार असते. टोकाचं पातं वायरवरून दुमडलं की माळ घट्ट बसते, दोरा लागत नाही.

दुसरी माळ खालून सुरू करून नागमोडीच वर नेत पहिलीला भेटवा. तिसरी हाताशी ठेवा. हॉलमधले दिवे घालवा, दाराशी उभ्या राहा आणि डोळे अर्धवट मिटून झाडाकडे बघा. जिथे काळे खड्डे दिसतील तिथे ही माळ आतून फिरवायची. फुटाला 100 दिवे असा ढोबळ हिशेब सांगतात, पण कोपऱ्यातल्या झाडाला माझ्या मते 60 पुरतात. तुमच्या तीन माळा 100-100 दिव्यांच्या असतील तर नवी घेऊ नका.

घंटा, गोळे, चांदणी हे सगळं यानंतर. झोपताना आणि मिस्साला जाताना बटण बंद करायचंच, ते विसरू नका. तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे 6 जानेवारीनंतर उतरवताना शेवटी लावलेली माळ आधी काढा आणि पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा, पिन वर दिसेल अशी.