चाक काढायच्या आधी

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की गाडीची छोटी कामं घरी करायला काही हरकत नाही. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले आणि गंमत म्हणजे बहुतेकांना काम कसं करायचं ते माहितीये, व्हिडिओ बघून पाठ झालंय. अडतंय ते तयारीत. म्हणून यावेळी सगळे प्रश्न तयारीचेच घेतलेत.

प्रश्न: नमस्कार दादा, माझी 2014 ची वॅगन आर आहे. पुढून ब्रेक मारला की किंचाळल्यासारखा आवाज येतो, मेकॅनिक म्हणाला पॅड संपत आलेत. येत्या रविवारी घरीच बदलायचेत. जॅक, व्हील पाना आणि नवीन पॅड एवढं जमवलंय. अजून काय लागेल? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: दादा, आधी एक विनंती, हा रविवार सोडा, पुढचा धरा. या रविवारी फक्त रंगीत तालीम करा. म्हणजे चाक काढायचं, आत नीट बघायचं, फोटो काढायचे, आणि काहीही न खोलता चाक परत लावून टाकायचं. तासाभराचं काम आहे पण त्या तासात तुमची खरी यादी तयार होते, घरात बसून केलेली यादी नेहमी अपुरी निघते.

तालमीत बघायचं काय? कॅलिपर म्हणजे ब्रेकचे पॅड धरून चाकामागच्या लोखंडी डिस्कवर दाबणारा भाग, त्याच्या मागे दोन बोल्ट असतात, त्यांना कुठला पाना बसतो ते प्रत्यक्ष लावून बघा. छोट्या गाड्यांना बहुतेक 12 किंवा 14 चा लागतो पण अंदाजावर राहू नका. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नको, गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना घट्ट बसतो का ते बघा, कारण दहा वर्षं पावसापाण्यात राहिलेला बोल्ट असतो, पाना जरा जरी सैल बसला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. गंज दिसला तर त्याच दिवशी बोल्टच्या आट्यांवर डब्ल्यूडी 40 सारखं काहीतरी थोडं मारून ठेवा, डिस्कवर अजिबात उडू देऊ नका, आठवडाभर मुरलं की बोल्ट शहाण्यासारखा सुटतो. मग कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांवरचे रबरी बूट बघा, फाटलेत का. फाटले असतील तर ते किट पण आणायला लागेल, आणि ही गोष्ट ऐन वेळी कळली की माणूस "चालतंय आता" म्हणून तसंच बसवतो. नका करू असं. फाटक्या बुटातून पाणी जातं, पिन जाम होते, आणि मग एका बाजूचं पॅड झिजून पत्र्याला लागतं न् दुसरं नव्यासारखं राहतं.

डिस्कवर बोट फिरवा (थंड असताना, गाडी चालवून आल्या आल्या नको). काठाला उभी धार लागली असेल तर डिस्कची जाडी मोजायला लागेल, कमीत कमी जाडी किती हवी तो आकडा बऱ्याच डिस्कवर कोरलेला असतो. पॅडचं घासायचं मटेरियल 3 मिमीच्या आसपास आलं असेल तर बदलायची वेळ झालीच. तो किंचाळणारा आवाज बहुतेक वेळा पॅडवरच्या छोट्या पत्र्याचा असतो, पॅड झिजलं की तो डिस्कला टेकावा म्हणूनच बसवलेला असतो, म्हणजे गाडी तुम्हाला वेळेत सांगतीये.

आता स्पेअर. तुमच्याकडे पॅड आलेत म्हणता, बॉक्स उघडलाय का? नसेल तर आत्ता उघडा. एकाच मॉडेलला सालाप्रमाणे, व्हेरियंटप्रमाणे वेगळे कॅलिपर बसलेले असू शकतात आणि पॅड दिसायला सारखे, पण टोकाला कान असतात तिथे दोन मिमीचा फरक. दुकानात नुसतं "वॅगन आर 2014" सांगू नका, आरसीचा फोटो दाखवा, चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून द्या म्हणावं. आणि तालमीच्या दिवशी चाक उघडं असताना नवीन पॅड जुन्याच्या शेजारी धरून बघा, लांबी, कान, क्लिपची जागा, तो आवाजाचा पत्रा वर आहे की खाली, सगळं.

हे मी एवढं आग्रहाने सांगतोय कारण माझ्या बाबतीत झालंय. पावसाळ्यातला रविवार होता, दुपारी चार वाजता जुनी पॅड काढून झाली, कॅलिपर तारेला टांगलेला, आणि नवीन बॉक्स उघडला तर पॅडचे कान आत बसेनातच. जुनी परत लावावीत तर एकाचं मटेरियल काढतानाच पत्र्यापासून सुटून आलेलं. दुकान बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, ती पहाटे सहाला रिक्षाने गेली, भर पावसात, आणि मी मागच्या सीटवर तिच्या शेजारी पिशवी धरून बसलो होतो. दुकानदाराने चुकीचं दिलं हे खरं, पण तो बॉक्स आठ दिवस माझ्या घरात न उघडता पडून होता. तेव्हापासून पार्ट घरी आला की उघडून, मापून, मगच कपाटात.

सामानाची यादी सांगतो. जॅकबरोबर दोन जॅक स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, हे पाहिजेतच. गाडीबरोबर येणारा जॅक पंक्चरसाठी आहे, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. विटा तर मुळीच नकोत, वीट वरून धड दिसते आणि एकदम फुटते. खाली माती किंवा पेव्हर ब्लॉक असेल तर जॅकखाली जाड फळी. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके आणि हँडब्रेक ओढलेला. तुम्ही पुढचं चाक उचलताय म्हणून हँडब्रेकचा उपयोग आहे, तो मागच्या चाकांवर चालतो, कधी मागचं चाक उचलाल तेव्हा पुढे गुटके लावल्याशिवाय उचलू नका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून घ्यायचे.

मग एक सी-क्लॅम्प, कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागे दाबायला. दाबायच्या आधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडायचं आणि भोवती फडकं गुंडाळायचं, कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर येतं आणि रंगावर सांडलं तर रंग जातो, सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. काठोकाठ भरलेलं असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. कॅलिपर टांगायला बांधायची तार. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो, नळी आतून खराब होते आणि वरून काही दिसत नाही. ब्रेक क्लीनरचा एक कॅन, तारेचा ब्रश, मास्क. धूळ तोंडाने फुंकायची नाही. पिनांसाठी ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, घरातलं बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पॅड दोन्ही चाकांची एकदमच बदलायची पण खोलायचं एका वेळी एकच चाक, म्हणजे दुसरी बाजू बघायला शिल्लक राहते, याच्यासारखं मॅन्युअल नाही.

बोल्ट ठेवायला बर्फाचा ट्रे घ्या, निघेल तसा एकेक खणात डावीकडून उजवीकडे. लावताना उलट यायचं.

आणि शेवटी, गाडी सुरू करायच्या आधी ब्रेकचं पेडल हळूहळू दाबत राहा, टणक लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. हे विसरून गाडी गेटबाहेर काढली तर ब्रेक नाही. हे कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवा, खरंच चिकटवा.

प्रश्न: ऑनलाइन 108 पीसचा टूल किट स्वस्तात दिसतोय, घेऊ का? माझ्याकडे आत्ता फक्त बाबांची एक पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर आहे. पाना 14 चा म्हणजे बोल्ट 14 चा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नको ताई. त्या 108 मधले बरेचसे तर नुसते स्क्रूचे बिट असतात, आणि रॅचेटचे दात पहिल्या कडक नटला घसरतात. त्याऐवजी सुटं घ्या. 8, 10, 12, 14, 17, 19 एवढ्या गोट्या, गोटी फिरवायला अर्धा इंची रॅचेट, एक एक्स्टेन्शन, त्याच मापांचे रिंग पाने, आणि कडक नट सोडवायला लांब दांडा. जपानी आणि कोरियन गाड्यांचं बरंचसं काम यात होतं. गोट्या सहा कोनी घ्या, बारा कोनी गंजलेल्या बोल्टवर लवकर घसरते. टपारियाचे पाने घरच्या कामाला चांगले टिकतात, त्यांचा कारखाना तुमच्या सातपूरलाच आहे. पुण्याला येणं झालं तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, जुनी पण दणकट हत्यारं मिळतात, फक्त पान्याचं तोंड फाकलंय का ते बघून घ्या.

तुमचा शेवटचा प्रश्न छान आहे, बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. 14 म्हणजे बोल्टच्या डोक्याची एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंतची रुंदी. बोल्टची जाडी वेगळी, 14 चं डोकं असलेला बोल्ट बऱ्याचदा 10 मिमी जाडीचा असतो. म्हणून तुटलेला बोल्ट बदलायचा असेल तर "14 चा द्या" म्हणू नका, तुकडा खिशात घालून न्या, आटे पण जुळले पाहिजेत.

पुढे कधी पैसे साठले तर टॉर्क रेंच घ्या, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना. चाकाचे नट छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरमध्ये आवळायचे असतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, आणि पायाने उभं राहून आवळलं की त्याच्या किती तरी वर जातं. टॉर्क रेंचने नट सोडवायचा मात्र नाही.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो, 2015 ची कोरोला आहे. इंजिन ऑइल स्वतः बदलायचं ठरवलंय. इथे सगळं मिळतं पण नेमकं काय आणू? – एक वाचक

उत्तर: तुमच्या गाडीत एक गोष्ट वेगळी आहे, फिल्टर डब्यासारखा नाही, आत कागदी काडतूस आहे आणि बाहेर झाकण. ते झाकण हाताने किंवा पट्ट्याने सुटत नाही, त्याला 64 मिमीची 14 खाचांची कप गोटी लागते. ही आधी आणा, ती नसेल तर बाकी सगळं असून काम अडेल. 1.8 इंजिनाला 0डब्ल्यू-20 (हा ऑइलच्या पातळपणाचा आकडा) ऑइल फिल्टरसकट सुमारे 4.2 लिटर, म्हणजे तिकडच्या भाषेत 4.4 क्वार्ट, पाच क्वार्टचा कॅन पुरतो. जुनं ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टला 14 ची गोटी आणि नवीन वॉशर. फिल्टरच्या बॉक्समध्ये नवीन ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंग येते, जुनी काढली का ते डोळ्यांनी बघा, दोन एकावर एक बसल्या की ऑइल गळतं. आणि भरायची टोपी सुटते का ते जुनं ऑइल सोडायच्या आधी बघून ठेवा.

जुनं ऑइल त्याच रिकाम्या कॅनमध्ये भरून पार्टच्या दुकानात द्या, तिकडे ऑटोझोनची बरीच दुकानं फुकट घेतात. गटारात नको.

प्रश्न: बॅटरी घरी बदलणार आहे, 10 चा पाना पुरेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: पुरेल. पण बॅटरी मागवायच्या आधी जुनीचा वरून फोटो काढा. प्लस डावीकडे आहे की उजवीकडे, हे बघायचं, लेबलवर शेवटी एल किंवा आर असतं. उलटी आली तर गाडीची केबल पोचतच नाही, आणि ओढूनताणून बसवायची गोष्ट ती नाहीच. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. टर्मिनलवर पांढरी बुरशी जमली असेल तर गरम पाणी, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश जवळ ठेवा. जुनी बॅटरी टाकू नका, दुकानदार ती घेऊन नवीनच्या किमतीतून पैसे कमी करतो, फक्त नेताना ती उभीच ठेवा, आडवी केली तर डिकीत ॲसिड सांडेल.