डार्क साइड ऑफ द मून: एवढा उदोउदो कशासाठी?

तुमची तक्रार अशी की पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा हा अल्बम दोनदा ऐकला, निम्मा वेळ घड्याळं नि पावलांचे आवाज, उरलेला वेळ डुलकी. मग लोक तो डोक्यावर का घेतात? डुलकीबद्दल मी तुमच्याच बाजूचा. त्यातल्या ‘ऑन द रन’चा सिंथेसायझरचा गरगराट १९७३ साली अंगावर येत असेल, आज मी तो निमूटपणे सोसतो. ‘एनी कलर यू लाइक’ म्हणजे तर भजनात बुवा पाणी प्यायला थांबले की पेटीवाला जे वाजवत बसतो, तसलं. पण नाव फुकटचं झालंय, हे मला मान्य नाही.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो गोव्यात, फोंड्यात, तबला शिकत होतो तेव्हा. आतेभावाने कुणाकडून तरी भरून आणलेली कॅसेट होती. ‘मनी’ सुरू झालं. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटा, सगळं ठेक्यात. बोटं मांडीवर आपोआप मोजायला लागली: सात मात्रा. अरे, हा तर आपला रूपक ताल! (मात्रांपुरताच. तीन-दोन-दोन असे खंड तिथे शोधू नका.) सॅक्सोफोन संपेपर्यंत हात नीट चालला, गिटार सुरू झाली आणि माझी सम हरवली. टेप सैल पडली असेल म्हणून पेन्सिल घालून गुंडाळलीसुद्धा. चार वेळा मागे नेऊन ऐकल्यावर उलगडलं: गिटारपुरते हे लोक सरळ चारांत जातात नि मग मुकाट्याने सातांत परततात. एवढ्या गाजलेल्या गाण्यात हा उद्योग, आणि बहुतेकांना पत्ताही नाही. शिवाय ते नाण्यांचे आवाज म्हणजे पट्टीने मोजून कापलेल्या टेपचे तुकडे, एकमेकांना चिकटवून गोल फिरवलेले.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’ मात्र खरा ऐवज. गायिका केसरबाई केरकरांचं केरी ज्या तालुक्यात, तिथल्या माणसाला शब्दांवाचून गाण्याचं काय नवल? पण क्लेअर टोरी गाते तो आलाप नव्हे, आकांत आहे. तरी तो कुठेही सुटा पडत नाही. चढतो, थकतो, शेवटी नुसता पुटपुटत राहतो. त्या गाण्याचे तिला तेव्हा ३० पाउंड मिळाले होते. २००४ साली ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या जोडीला तिचंही नाव रचनाकार म्हणून लागलं.

आणि इथेच पहिली बाजू संपते. खटकन बटण वर. उठायचं, कॅसेट पालटायची. मधल्या वेळात बाहेर कौलांवर पाऊस. मरणाचा तो आकांत कानात असतानाच दुसऱ्या बाजूने नाणी खणखणतात. अल्बमची सगळी ताकद मला त्या फटीत दिसते. मोबाइलवर ती फट बुजते, आणि मध्ये जाहिरात घुसली तर बोलायलाच नको. तुमची डुलकी बहुधा तिथूनच आली.

७४१ आठवड्यांचा दाखला लोक नेहमी देतात. १९८८पर्यंत हा अल्बम तेवढे आठवडे बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत होता, खरं आहे. पण पहिल्या क्रमांकावर किती? एकच आठवडा. म्हणजे धडाक्याने नाही, मुरत मुरत टिकला. बँडचा गीतकार रॉजर वॉटर्सच्या शब्दांतल्या तत्त्वज्ञानाचं कौतुक मात्र मी निम्म्यावर आणेन. पैसा, वेड, युद्ध यांवर तो बोलतो ते अठराव्या वर्षी फार खोल वाटतं. ‘टाइम’ तेवढं सोडून. ते आता जास्तच लागतं, पूर्वी मी फक्त त्यातल्या ड्रमसाठी ऐकायचो.

तेव्हा एकदा ४३ मिनिटं काढा, हेडफोन लावा, क्रम मोडू नका. ‘द ग्रेट गिग’ संपल्यावर थांबवून चहा ठेवायला उठा, मगच ‘मनी’. अगदी शेवटी हृदयाचे ठोके विरत जातात तेव्हा आवाज वाढवा. अ‍ॅबी रोड स्टुडिओचा आयरिश दरवान तिथे म्हणतो की चंद्राला काळी बाजू वगैरे काही नसते, खरं तर तो सगळाच काळा आहे. आमच्या पंख्याच्या घरघरीत मला ते दहा वर्षं ऐकूच आलं नव्हतं.