गुरुत्वीय लहरी नेमक्या कोणत्या?

नाशिकरोडच्या एका भूगोल शिक्षिकांचा प्रश्न आहे. सौरवादळावरच्या एका मराठी लेखात त्यांनी वाचलं की, ध्रुवांवर अरोरा, म्हणजे आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, पेटला की उच्च वातावरणात 'गुरुत्वीय लहरी' उठतात. हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो या संशोधन प्रकल्पाची वेधशाळा ज्या लहरींसाठी होतेय, त्याच का या?

छे, नावापलीकडे काही संबंध नाही. लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपल्या त्या अवकाश-काळाच्या लहरी, प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या. अरोराच्या आहेत त्या साध्या हवेच्या. सौरवादळात ध्रुवप्रदेशावर शंभरेक किलोमीटर उंचीवर जोरदार विद्युतप्रवाह वाहतात. तिथली विरळ हवा तापते, फुगते आणि वरच्या हवेला धक्का देते. वर ढकललेली हवा भोवतालापेक्षा जड भरते, म्हणून खाली येते. येताना मूळ पातळी ओलांडते, तिथे हलकी ठरते, पुन्हा वर. हे हेलकावे विषुववृत्ताकडे पसरत जातात. त्यातले मोठे सेकंदाला ४०० ते १००० मीटर वेगाने धावतात आणि दोन शिखरांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर असतं. त्यांच्याबरोबर आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित कणांचा वरचा थर, हाही हलतो आणि अचूक जीपीएस मोजणीत घोळ होतो.

इथे गुरुत्वाचं काम एवढंच, की ते हवेला जागेवर ओढतं. वारा सुटल्यावर गंगापूर धरणात उठणाऱ्या लाटाही याच जातीच्या. इंग्रजीतही दोन्ही नावं जुळ्या भावंडांसारखी: हवेच्या त्या 'ग्रॅव्हिटी वेव्ह्ज', लायगोच्या त्या 'ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्ज'. पण तिथे शब्दाचं शेपूट तरी वेगळं आहे. मराठीत 'गुरुत्व' आणि 'गुरुत्वीय' यांत फरक कोण करणार? घाईत तर मुळीच नाही.

'लाट' म्हणावं, तर निफाडची थंडीची लाट आठवते. ती येते, मुक्काम ठोकते. हेलकावे काही खात नाही. 'लहर' तर कुणालाही येते. म्हणून 'तरंग' बरा, आणि विशेषण शाळेतल्या 'प्लावक बला'वरून (पाण्यातल्या वस्तूला वर ढकलणारं बल) घ्यावं: प्लावक तरंग. इंग्रजीतही या तरंगांना या अर्थाचं दुसरं नाव आहेच, 'बॉयन्सी वेव्ह्ज'.

तेव्हा बाई, वर्गात 'अरोरामुळे उठणारे प्लावक तरंग' म्हणा आणि 'गुरुत्वीय लहरी' लायगोसाठी राखून ठेवा. 'वातावरणीय गुरुत्व तरंग' हेही चूक नाही, फक्त त्यातलं 'वातावरणीय' गाळू नका.