रँच त्याचं, एल्क कुणाचा?

कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यात, क्रेगच्या आसपासच्या रँचवर मी तीन हंगाम शिकारी कॅम्पचा स्वयंपाक केला आणि पुढे अकरा हंगाम गाइड म्हणून लोकांना एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला डोंगरात नेलं, असं मागच्या अंकात ओघात लिहून गेले होते. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चारांना इथे उत्तर देते.

प्रश्न : ऑफिसमधल्या मित्राबरोबर खाजगी रँचवर एल्कच्या शिकारीला जायचं घाटतंय. गाइड, राहणं, जेवण धरून पाच दिवसांचे नऊ हजार डॉलर. माहितीपत्रकात ‘३५०चा नर, हमखास’ असं छापलंय. हे ३५० म्हणजे काय? आणि पैसे वाजवी आहेत का?
— एक वाचक, डॅलस

३५० म्हणजे इंच. शिंगांचे दोन मुख्य दांडे, त्यांना फुटलेला प्रत्येक फाटा, प्रत्येक दांड्याचा चार ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधलं आतलं अंतर, हे सगळं फितीनं मोजून बेरीज करायची. मोजणी इंचाच्या आठव्या भागापर्यंत होते. ही पद्धत बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबची. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली हा क्लब काढला आणि मोजणीची आजची रीत १९५० मध्ये ठरली. शिंगं साठ दिवस वाळल्याशिवाय अधिकृत माप घेतच नाहीत. दोन्ही बाजू सारख्या फुटलेल्या एल्कला त्यांच्या नोंदीत जायला ३६० लागतात, कायमच्या यादीत जायला ३७५. त्यावरून ३५०चा नर केवढा मोठा, ते लक्षात येईल. माझ्या अकरा हंगामांत असे तीन दिसले. पडला एकच.

आता ‘हमखास’. या शब्दापाशी थांबा आणि फोन उचला.

अमेरिकेत रानातलं जनावर जमिनीच्या मालकाचं नसतं. ते जनतेचं, आणि राज्य त्याचा सांभाळ करतं. रँचवाला तुम्हाला विकतो ती त्याच्या जमिनीवर फिरण्याची परवानगी, गाइडचे पाच दिवस, खोली आणि दोन वेळचं जेवण. एल्क त्याला विकता येत नाही, कारण तो त्याचा नाहीच. गुरांसाठीचं तारेचं कुंपण मोठा नर उभ्या जागेवरून ओलांडतो. रात्री आमच्या अल्फाल्फाच्या चाऱ्यात चरणारा कळप पहाटे शेजारच्या ओकच्या झुडपांत गेला, की आम्ही दुर्बिणीतून नुसतं बघत बसायचो. असं जनावर हमखास कोण देणार?

हमखास मिळतं ते उंच कुंपणाच्या आत. तिथला एल्क पाळीव, मालकाचा, कधीकधी शिंगांच्या मापानुसार किंमत लावलेला. बून अँड क्रॉकेट अशा जनावराची नोंद घेत नाही. मोंटानात तर २००० साली लोकांनी मतदान करून पैसे घेऊन अशी गोळी घालू देणं बंद केलं. तुमच्या टेक्सासात ते कायदेशीर आहे, कारण तिथे एल्कची गणना परदेशी पाळीव जनावरांत होते, त्याला ठरलेला हंगामही नाही. (त्याच टेक्सासात आपलं चितळ १९३०च्या दशकापासून आहे, आणि किंग रँचच्या बाजूला नीलगायी मोकाट फिरतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता.) कुंपणाआड जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी गेले नाही, जाणार नाही. पण जाताय कुठे, ते तरी माहीत असू द्या.

म्हणून पहिला प्रश्न कुंपणाचा. दुसरा टॅगचा, म्हणजे जनावर मारायच्या परवान्याचा. तो कसा मिळणार? राज्याच्या सोडतीतून की जमीनमालकाच्या व्हाउचरवर? न्यू मेक्सिकोत ई-प्लस नावाची योजना आहे, कोलोरॅडोत जमीनमालकांना व्हाउचर मिळतात. पण व्हाउचर म्हणजे परवाना नव्हे. परवान्याची फी तुम्हालाच राज्याकडे भरायची असते आणि परराज्यातल्या माणसाला ती शेकड्यांत पडते. तुमच्या नऊ हजारांत ती धरलीय का, हे विचारा. नसेलच बहुतेक. मांस कापून बांधून देणाऱ्याचे वेगळे, डोकं भिंतीवर लावायचं तर त्याचे वेगळे, गाइडची बक्षिसी दहा ते पंधरा टक्के. बिनकुंपणाच्या चांगल्या रँचला नऊ हजार जास्त नाहीत, फक्त ते नऊ राहत नाहीत.

एका गाइडमागे किती शिकारी? दोनच्या वर असतील तर नको म्हणा. आउटफिटरची, म्हणजे शिकारीची सगळी सोय करून देणाऱ्याची, राज्याकडे नोंदणी आहे का, तेही बघून घ्या. आणि हे नक्की विचारा : गेल्या वर्षी किती जण रिकाम्या हातानं परतले? जो आकडा सांगेल त्याच्याकडे जा. ‘कुणीच नाही’ म्हणणाऱ्याकडे नको.

करारात एक ओळ बारीक अक्षरात असते : रक्त दिसलं की शिकार झाली असं धरलं जाईल. जखमी होऊन निसटला तरी तुमचा हंगाम संपला. लोकांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही, आणि का ते सांगते.

माझा चौथा हंगाम, चौथा दिवस. सूर्य बुडून वीस मिनिटं झालेली. सूर्यास्तानंतर अर्धा तास गोळी घालता येते, म्हणजे दहा मिनिटं उरलेली. सहा फाट्यांचा नर चारशे यार्डांवर, आडवा वारा. मी हळूच म्हटलं, नको, उद्या बघू. पाहुण्यानं घातली. नर कुबड काढल्यासारखा वाकला आणि ओकमध्ये शिरला. वाकला, म्हणजे पोटात लागली. अशा जनावराच्या मागे लगेच लागायचं नसतं, उठवलं तर मैलभर जातं. आम्ही थांबलो, मग कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात अकरापर्यंत रक्त शोधलं. पानांवर थेंब नव्हते, हिरवट ओल होती. रात्री बर्फ पडला आणि माग बुजला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोमकावळ्यांनी जागा दाखवली. खालच्या बाजूचं मांस नासलं होतं. पाहुण्याला फक्त शिंगं हवी होती. चांगलं मांस टाकून नुसती शिंगं नेणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मी त्याला तिथेच सांगितलं, आणि निघालं तेवढं मी आणि दुसऱ्या गाइडनं पाठीवर खाली आणलं.

आउटफिटरनं त्या रात्री मला बजावलं, पाहुण्याला अंतरावरून टोकत जाऊ नकोस, तो पैसे मोजतो. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या रँचवर गेले. तिथे पहिल्याच दुपारी पाहुण्याकडून कागदाच्या चकतीवर गोळ्या घालून घेत, आणि ज्या अंतरापर्यंत तीन गोळ्या थाळीएवढ्या जागेत बसतील तीच त्याची हद्द. तुमच्या रँचवर असं करतात का, हेही विचारा.

प्रश्न : मी एच-१बीवर आहे. मित्र म्हणतो परवाना नंतर काढ, आधी माझ्या बंदुकीवर रेंजमध्ये सराव कर. चालेल का?
— एक वाचक, सॅन होजे

नाही. कृपया असं करू नका. केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. शिकाऱ्यांसाठी एक वाट ठेवलेली आहे : कुठल्याही राज्याचा चालू शिकार-परवाना तुमच्या नावावर असेल तर ही बंदी लागू होत नाही. म्हणजे क्रम उलटा हवा. आधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो), मग परवाना, मग बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली. परवाना खिशात ठेवा आणि निघण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करा. तेवढे पैसे इथे वाचवू नका. धनुष्यबाण केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदुकीत मोडत नाही, आणि सप्टेंबरात, माजाच्या दिवसांत, एल्कची आरोळी ऐकायची असेल तर धनुष्याचा हंगामच खरा.

प्रश्न : नवरा मित्रांबरोबर ‘ट्रॉफी’ शिकारीला निघालाय. भिंतीवरच्या शिंगांसाठी जीव घ्यायचा, ही कल्पनाच सहन होत नाही. तुम्ही बाई असून हे काम कसं करत होता? त्याला काय सांगू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला होणारा त्रास खरा आहे आणि मी तो घालवायला बसलेले नाही.

पहिला नर पडला तेव्हा मी जवळ उभी होते. पहाटेची वेळ, सेजच्या झुडपांवर दहिवर गोठलेलं. सातशे पौंडांचं जनावर, मानेच्या काळपट केसांत लोळणीतला चिखल वाळलेला, आणि त्याचा तो उग्र वास. खरंच मेलाय ना, म्हणून गाइडनं आधी काटकीचं टोक त्याच्या डोळ्याला लावून पाहिलं. मग टोपी काढली आणि काही वेळ कुणी बोललं नाही. ओठ उचलून त्यानं मला वरचे दोन सुळे दाखवले, बोराच्या बीएवढे, मुळाशी तपकिरी, हस्तिदंतासारखे गुळगुळीत. मी रडले. आणि त्यानंतर साडेचार तास पाते धरून काम केलं, कारण कातडं लवकर उतरलं नाही तर एवढ्या मोठ्या अंगाची ऊब आत राहते आणि मांस बिघडतं. रडणं आणि काम, दोन्ही खरं होतं. पुढच्या अकरा वर्षांत रडू कमी झालं, पण टोपी काढायचं मी कधी सोडलं नाही.

तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं एक सांगायला हवं. बाजारात विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खंडात एक लाखाहूनही कमी एल्क उरले होते. आज ते दहा लाखांच्या घरात आहेत. यात शिकाऱ्यांच्या पैशाचा मोठा वाटा आहे : १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे आणि तो राज्यांच्या वन्यजीव विभागांना जातो. परवान्यांची फी त्यावर वेगळी. एवढ्यानं मारणं पुण्याचं होत नाही, हे मलाही कळतं. पण शिकारी म्हणजे रानाचा वैरी, हे इथे तरी खरं नाही.

त्याला काय सांगाल? ‘जाऊ नकोस’ म्हणालात तर तो जाईल आणि तुम्हाला काही सांगणार नाही. मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं, मादीचा टॅग काढ. बऱ्याच रँचवर मादीची शिकार नराच्या मानानं खूप स्वस्तात होते, आणि कळपाची संख्या आवाक्यात ठेवायला राज्यालाही माद्याच कमी करायच्या असतात. हिवाळ्यात दोनशेचा कळप गवताच्या गंजीवर उतरला की रँचवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं. मादीला शिंगं नसतात, भिंतीचा प्रश्नच मिटतो. घरी येतं ते मांस, आणि ते तुम्ही दोघं वर्षभर खाल. यावर त्याचा चेहरा पडला, तर त्याला नेमकं काय हवं होतं ते तुम्हा दोघांनाही कळेल आणि बोलणं तिथून सुरू करता येईल.

आणि शिंगंच हवी असतील तर तीही जीव न घेता मिळतात. एल्क दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास शिंगं टाकतो आणि उन्हाळ्यात नवी वाढवतो, ऐन भरात दिवसाला इंचभरसुद्धा. कोलोरॅडोत आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं वेचायला बंदी असते, कारण थंडीनं खंगलेल्या कळपाला माणसांनी पळवू नये. मे उजाडला की मोकळीक. खाजगी रँचवर मालकाला विचारून जायचं. मुलांनाही न्या. दक्षिणेकडच्या उतारांवर, जिथे बर्फ आधी वितळतं तिथे शोधा, आणि कुंपणाच्या कडेनं चाला. उडी मारताना बसणाऱ्या हिसक्यानं सैल झालेलं शिंग पुष्कळदा तिथेच गळून पडतं.

प्रश्न : शेजाऱ्यानं एल्कचं मांस दिलंय. हरणांना काहीतरी मेंदूचा रोग असतो म्हणे. खावं का?
— एक वाचक, डेन्व्हर

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तुमच्याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला कोंडून ठेवलेल्या म्यूल हरणांत १९६७ साली तो पहिल्यांदा लक्षात आला. कारण प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन, आणि ते शिजवून नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी ठरलेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे. शेजाऱ्याला विचारा, डोकं तपासणीला दिलं होतं का आणि निकाल काय आला. राज्याचा वन्यजीव विभाग ही तपासणी करून देतो. निकाल यायचा असेल तोवर पुडकं फ्रीझरमध्ये राहू द्या. विचारलं म्हणून त्याला राग येणार नाही. चांगला शिकारी निकाल आल्याशिवाय वाटतच नाही.

निकाल चांगला असेल तर कडेची पांढरी चरबी सगळी काढून टाका. गार होताच ती मेणासारखी टाळूला चिकटते. पाठीचा पट्टा असेल तर तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी थोडा वेळच ठेवा, मध्ये गुलाबी राहू द्या. मांडीचं असेल तर खिमा करा.